वर्डमधलं हट्टी फॉरमॅटिंग: आधी ते कुठे अडकलंय ते बघा

गोव्यात फोंड्याला डीटीपीचं काम करताना एक तक्रार वर्षभर ऐकू येते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या आणि स्मरणिकांची कामं आली की ती रोजचीच होते. "ताई, हे बोल्ड किती वेळा काढलं, जातच नाही." देवस्थान समितीचे सचिव असोत, प्राथमिक शाळेच्या बाई असोत, की उत्सवी नाटकाचं हँडबिल करायला बसलेला मुलगा असो, प्रत्येकाची फाइल वेगळी पण दुखणं तेच. कुठे मजकुरामागची करडी पट्टी जात नाही. कुठे आकडे मोठे होतात आणि अक्षरं तेवढीच राहतात. कुठे शेवटी एक कोरं पान चिकटून बसतं. मग माणूस वरच्या पट्टीतली बटणं पुन्हा पुन्हा दाबत राहतो, आणि दर वेळी फाइलवर आणखी एक थर चढतो.

हे थर समजले की निम्मं काम झालं. वर्डमध्ये एखादं अक्षर कसं दिसेल हे मुख्यतः चार ठिकाणी ठरतं. परिच्छेदाला लावलेली स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच, हे एक. त्या परिच्छेदाला हाताने दिलेली मांडणी, म्हणजे ओळींतलं अंतर, समास, चौकट, हे दुसरं. निवडलेल्या अक्षरांना हाताने दिलेला फॉन्ट, आकार, रंग हे तिसरं. आणि पानाचा आकार, आडवं-उभं, वरची-खालची पट्टी सांभाळणारा सेक्शन हे चौथं. बिघाड ज्या ठिकाणी आहे तिथूनच तो काढावा लागतो. स्टाइलमधलं बोल्ड तुम्ही एका ओळीपुरतं काढलंत, तर पुढची ओळ पुन्हा बोल्डच येणार. त्यात वर्डची चूक काही नाही, त्याला तेच सांगितलेलं आहे.

म्हणून काढायच्या आधी बघायचं. दोन गोष्टी कराव्या. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात: परिच्छेदाच्या शेवटी ¶, स्पेसच्या जागी ठिपका, टॅबच्या जागी बाण. आणि अडलेल्या शब्दावर कर्सर ठेवून शिफ्ट-एफ१ दाबलं की उजवीकडे रिव्हील फॉरमॅटिंगची पट्टी उघडते (लॅपटॉपवर सोबत एफएन लागू शकतं). त्या पट्टीत खाली डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स असा चौकोन आहे. त्यावर टिक केली, की कुठली गोष्ट स्टाइलमधून आली आणि कुठली हाताने दिली ते वेगळं दिसतं. तिथेच वर, दुसऱ्या मजकुराशी तुलना करायचीही सोय आहे. नीट दिसणारा परिच्छेद आणि बिघडलेला परिच्छेद शेजारी ठेवले की फरक वाचायला मिळतो. इतकी कामाची पट्टी इतक्या थोड्या लोकांना माहीत असावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

साफ करायच्या कळा, आणि त्याआधी एक इशारा

कंट्रोल-स्पेस अक्षरांना हाताने दिलेलं सगळं काढते. कंट्रोल-क्यू परिच्छेदाला हाताने दिलेलं काढते. कंट्रोल-शिफ्ट-एन परिच्छेदाला नॉर्मल स्टाइलवर आणते. होममधलं खोडरबराचं बटण एकदम सगळं पुसतं, पण त्यात तुमची हेडिंगची स्टाइलही जाते. हेडिंगं ठेवायची असतील तर पहिल्या दोन कळाच वापरा.

आता इशारा. फाइल जुन्या फॉन्टात असेल, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीतली, तर कंट्रोल-स्पेसला हात लावू नका. त्या फाइलमध्ये खरं मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट काढला की वीस पानांच्या लेखाचा इंग्रजी अक्षरांचा ढिगारा होतो. अशी फाइल ओळखायला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठीच दिसलं तर युनिकोड, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं, नाहीतर जुना फॉन्ट. तसं निघालं तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग साफसफाई करा. कन्व्हर्ट केल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' हे शब्द मुद्दाम तपासा. त्यातला अर्धा र बऱ्याचदा रफार होऊन बाहेर पडतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. गोव्यातल्या स्मरणिकेत मराठी लेखाशेजारी देवनागरी कोकणी असते, एखादा मजकूर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत असतो, जाहिराती इंग्रजीत असतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही जागा ठेवली. त्यामुळे पंचायतीच्या आणि शाळेच्या कागदांवरही हीच सरमिसळ दिसते. रोमी मजकुरात पोर्तुगीज वळणाची नावं आली की अक्षरांच्या डोक्यावर नागमोडी खूण किंवा खाली शेपटी असते. अख्खी फाइल सिलेक्ट करून जुना मराठी फॉन्ट लावलात तर रोमी मजकूर वाचता येणार नाहीच, वर त्या खुणांच्या अक्षरांच्या जागी जोडाक्षरांचे तुकडे उगवतात. सगळं एकदम सिलेक्ट करून फॉन्ट बदलणं म्हणूनच टाळावं.

आकडे वाढतात, नावं वाढत नाहीत

सगळ्यात जास्त डोकेदुखी याची आहे आणि मराठीत काम करणाऱ्यालाच ती सोसावी लागते. देणगीदारांची यादी घ्या. डावीकडे मराठीत नाव, उजवीकडे इंग्रजी आकड्यांत रक्कम. स्टाइलमध्ये जाऊन आकार १४ केला. रकमा मोठ्या झाल्या, नावं ११ वरच बसली. बोल्ड केलं, रकमा जाड झाल्या, नावं तशीच. माणसाला वाटतं फाइल खराब झाली.

फाइल ठीक असते. वर्ड इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी एक आणि देवनागरी, उर्दू, अरबी अशा लिप्यांसाठी दुसरा, असे दोन वेगळे हिशेब ठेवतं. या दुसऱ्या गटाला ते कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतं. फॉन्टचं नाव वेगळं, आकार वेगळा, बोल्ड आणि इटॅलिकही वेगळं. फाइलच्या पोटात आकार अर्ध्या पॉइंटांत मोजलेला असतो, म्हणजे १४ पॉइंट हे आत २८ म्हणून लिहिलेले असतात. एका नोंदीत २८ आणि दुसरीत अजून २२ राहिले, की यादीतल्या रकमा मोठ्या आणि नावं लहान दिसतात. मजकूर सिलेक्ट करून वरच्या पट्टीतून आकार बदलला तर बहुतेक वेळा दोन्ही नोंदी बदलतात. स्टाइल बदलताना, दुसऱ्याच्या फाइलमधून मजकूर आणताना, किंवा एखाद्या वेबसाइटने तयार करून दिलेल्या फाइलमध्ये मात्र त्या सुट्या होतात.

उपाय सोपा आहे. स्टाइलवर राइट-क्लिक, मॉडिफाय, मग खाली फॉरमॅट आणि त्यात फॉन्ट. उघडलेल्या खिडकीत वर लॅटिन टेक्स्ट आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसतील. खालच्या भागात फॉन्ट, जाडी आणि आकार आपल्या हाताने भरा. तो भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी, हिंदी किंवा कोकणी यांपैकी एक भाषा जोडा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. साध्या मजकुरासाठी खिडकी उघडायला कंट्रोल-डी पुरतं.

दोन्ही आकार सारखे ठेवले म्हणजे डोळ्यांना सारखे दिसतीलच असं नाही. कोकिला किंवा अपराजिता हे देवनागरी फॉन्ट त्याच आकड्याला मंगलपेक्षा बरेच बारीक दिसतात. कोकिला वापरत असाल तर देवनागरीचा आकार इंग्रजीपेक्षा तीन-चार पॉइंट जास्त ठेवा. दोन हिशेब वेगळे असण्याचा हा फायदाच आहे.

स्टाइल आपोआप बदलते तेव्हा

एक शीर्षक मधोमध घेतलं आणि फाइलमधली सगळीच शीर्षकं मधोमध गेली, असं होत असेल तर त्या स्टाइलच्या मॉडिफाय खिडकीत ऑटोमॅटिकली अपडेट हा चौकोन टिक झालेला असतो. काढून टाका. नॉर्मल स्टाइलला तो चौकोन नसतो, बाकी स्टाइल बघा.

उलट तक्रारही येते: स्टाइल लावली तर कधी बोल्ड जातं, कधी राहतं. यामागे वर्डचा एक नियम आहे. परिच्छेदातला निम्म्याहून जास्त मजकूर हाताने बोल्ड केलेला असेल तर स्टाइल लावताना वर्ड ते बोल्ड काढून टाकतं. निम्म्याहून कमी असेल तर तुम्ही मुद्दाम दोन-चार शब्द ठळक केलेत असं धरून ते तसंच ठेवतं. हे कळेपर्यंत लोक उगाच घाबरतात. खात्री हवी असेल तर आधी कंट्रोल-स्पेस, मग स्टाइल.

¶ आणि त्याचे नातेवाईक

परिच्छेदाची सगळी मांडणी वर्ड त्याच्या शेवटच्या ¶ या खुणेत ठेवतं. नाटकातल्या पात्रांची क्रमांकांची यादी केली, नावं साधी आहेत आणि १, २, ३ मात्र लाल आणि जाड. नावांवर कितीही काम करा, आकडे बदलणार नाहीत, कारण आकड्याचं रूप ¶ ला दिलेल्या रूपावरून येतं. खुणा दिसू द्या, फक्त ¶ सिलेक्ट करा, कंट्रोल-स्पेस दाबा. आकडा निमूट सरळ होतो.

¶ च्या जागी डावीकडे वळलेला बाण दिसला तर तिथे शिफ्ट-एंटरने तोडलेली ओळ आहे. वेबसाइटवरून आणलेल्या मजकुरात या ओळी हमखास येतात. दोन्ही बाजू सारख्या करा, म्हणजे जस्टिफाय, म्हटलं की बाणाच्या आधीची अर्धी ओळ पानभर ताणली जाते: 'श्री … देवी … शांतादुर्गेच्या … कृपेने' असे चार शब्द चार कोपऱ्यांत. स्पेस कमी करून काही होत नाही. कंट्रोल-एच उघडा, मोअरमध्ये जाऊन स्पेशल यादीतून शोधायच्या जागी मॅन्युअल लाइन ब्रेक आणि बदलायच्या जागी पॅरेग्राफ मार्क निवडा. अभंग किंवा कविता असेल तर रिप्लेस ऑल करू नका. तिथे ओळी मुद्दाम तोडलेल्या असतात. त्या परिच्छेदांना डावीकडून सरळ ठेवणं पुरे.

स्पेसच्या जागी ठिपक्याऐवजी बारीक वर्तुळ दिसलं तर ती न तुटणारी स्पेस आहे. तिने जोडलेले शब्द एकगठ्ठा पुढच्या ओळीवर उड्या मारतात. त्याच स्पेशल यादीत नॉनब्रेकिंग स्पेस शोधून साधी स्पेस घाला.

परिच्छेदाच्या डावीकडे समासात काळा चौकोनी ठिपका दिसला तर तिथे कीप विथ नेक्स्ट, कीप लाइन्स टुगेदर किंवा पेज ब्रेक बिफोर यांपैकी काहीतरी लागलेलं आहे. अर्धं पान रिकामं सोडून मजकूर पुढच्या पानावर पळत असेल तर कारण बहुधा हेच. पॅरेग्राफच्या खिडकीत लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये जाऊन टिका काढा.

आणि ती न पुसणारी आडवी रेघ. दोन लेखांच्या मधे तीन डॅश मारून एंटर दाबला की वर्ड पानभर रेघ ओढून देतं. मग ती ना सिलेक्ट होते ना डिलीट, कारण ती तिथे नसतेच; वरच्या परिच्छेदाची ती खालची चौकट आहे. वरच्या परिच्छेदावर कर्सर ठेवून कंट्रोल-क्यू, किंवा बॉर्डर्समधून नो बॉर्डर. पुन्हा येऊ नये म्हणून ऑप्शन्समध्ये प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप, तिथे बॉर्डर लाइन्सची टिक काढा. क्रमांकांच्या आपोआप होणाऱ्या याद्याही तिथेच बंद होतात. मी दोन्ही बंदच ठेवते.

करडी पट्टी

वेबसाइटवरचा मजकूर चिकटवला की मागे करडा किंवा फिकट रंग येतो. लोक हायलाइटच्या बटणात जाऊन नो कलर करतात आणि काही होत नाही, कारण ते हायलाइट नसून शेडिंग आहे. अक्षरांमागची शेडिंग कंट्रोल-स्पेसने जाते, पूर्ण परिच्छेदाची कंट्रोल-क्यूने. खरं हायलाइट मात्र या दोन्ही कळांना दाद देत नाही, त्याला नो कलरच लागतं. त्यामुळे एकाने गेलं नाही की दुसरं करून बघा.

मुळात ही घाण येऊ नये असं वाटत असेल तर चिकटवताना राइट-क्लिक करून कीप टेक्स्ट ओन्ली निवडा. पण लेखकाने मुद्दाम बोल्ड केलेले शब्द त्यात जातात, आणि ज्येष्ठ लेखक यावरून रागावतात, रास्त रागावतात. त्यासाठी मूळ फाइलमध्ये आधी कंट्रोल-एच करा. शोधायच्या जागी काही न लिहिता फॉरमॅटमधून बोल्ड निवडा, बदलायच्या जागी *^&* लिहा. प्रत्येक बोल्ड तुकडा दोन ताऱ्यांमध्ये बसतो. मग साधा मजकूर म्हणून आणा, तारे दिसतील तिथे बोल्ड करा, तारे काढा.

कोरं पान, आडवं पान

शेवटचं पान तक्त्याने संपलं आणि पुढे कोरं पान आलं, तर ते डिलीट होणार नाही. वर्डला तक्त्यानंतर एक परिच्छेद लागतोच. त्या ¶ ला आकार १ द्या, आधीचं-नंतरचं अंतर शून्य करा, ओळीचं अंतर एक्झॅक्टली १ पॉइंट करा. तो तक्त्याखाली मावतो आणि कोरं पान जातं.

जमाखर्चासाठी एखादं पान आडवं केलेलं असतं. त्याच्या आधीचा सेक्शन ब्रेक, म्हणजे दोन सेक्शनांमधली तोड, नको म्हणून डिलीट केला की आधीची उभी पानंही आडवी होतात. सेक्शनची माहिती त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये असते. ब्रेक गेला की त्याच्या आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनचे नियम घेतो. म्हणून आधी पुढच्या सेक्शनला हवं ते रूप द्या, मगच ब्रेक काढा. हेडर-फुटर एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलत असेल तर लिंक टू प्रीव्हियस बंद करा.

मात्रा कापल्या जातात

मंगलमध्ये ओळीची उंची बरीच असते. इंग्रजी परिच्छेदात एक मराठी शब्द आला की तेवढीच ओळ उंच होते. लोक ओळीचं अंतर एक्झॅक्टली करून आकडा कमी करत नेतात. मग 'चतुर्थी'तला रफार आणि वेलांटी वरून, 'हृदय'मधला ऋकार खालून कापला जातो. पडद्यावर कापलेलं दिसतं तसंच कागदावरही उतरू शकतं. १४ पॉइंटच्या मंगलला मी २२ पॉइंटच्या खाली जात नाही.

आणि आपल्याकडे नीट असलेली फाइल दुसऱ्याकडे पानं बदलून उघडते, त्याचं एक कारण हेच मंगल. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या नावाने वेगळे ठेवलेत. ते घातलेले नसतील तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं, ओळी सरकतात, अनुक्रमणिका चुकते. सेटिंग्जमधून ते फॉन्ट घालून घ्या.

काहीच चाललं नाही तर

नवी कोरी फाइल उघडा. जुन्या फाइलमध्ये कंट्रोल-ए, मग शिफ्ट धरून डावा बाण एकदा, म्हणजे शेवटचा ¶ सुटेल. तेवढंच कॉपी करून नव्या फाइलमध्ये आणा. फाइलच्या अनेक बिघाडांची मुळं त्या शेवटच्या खुणेत असतात आणि ती मागेच राहतात. प्रत्येक नव्या फाइलमध्ये तोच बिघाड येत असेल तर दोष नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नवी फाइल ज्या साच्यावरून तयार होते त्यात, आहे. वर्ड पूर्ण बंद करून त्या टेम्प्लेटच्या फाइलचं नाव बदला. वर्ड उघडताना नवी तयार करतं.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना कंट्रोल-एम ही एकच साफसफाईची कळ पुष्कळ आहे, आणि खुणा कंट्रोल-एफ१० ने दिसतात. तिथेही पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीचा हिशेब वेगळा आहे. देणगीदारांच्या यादीचा उपाय तिथल्या कॅरॅक्टरच्या खिडकीत तसाच लागू पडतो.

छापखान्याला वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. वर्डची फाइलच मागितली तर ऑप्शन्समध्ये सेव्हखाली एम्बेड फॉन्ट्स टिक करून द्या. आणि पीडीएफ मोठी करून एक पान तरी अक्षर-अक्षर बघा: जोडाक्षरं, रफार, ऱ्य, आणि देणगीदारांची नावं. नावं तर सगळीच बघा.